मी लिहिलेली नोटीस

आमच्या घरातली भाषणं मी लिहायची, अगदी दहावीत होते तेव्हापासून. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातवी शिकलेले. बोलायला उभे राहिले की कोणालाही गार करतील, पण कागदावर दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की त्यांना घाम फुटायचा. नाशिकला मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा होता. गुलाब, शेवंती, मेथी, कोथिंबीर. अण्णा पहाटे माल बाजारात टाकायचे, दहाच्या सुमाराला परत येऊन आंघोळ करायचे आणि पांढरे कपडे घालून पक्षाच्या कामाला निघायचे. पक्ष संस्कृती सांभाळणारा होता. म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या हातून ती रोज बुडत असायची आणि अण्णांना तिला वाचवायला जावं लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अण्णा नगरसेवक झाले आणि माझं काम वाढलं. भाषणं, निवेदनं, आयुक्तांना पत्रं, दशक्रियेला घाटावर बोलायचे श्रद्धांजलीचे चार शब्दसुद्धा मीच लिहायचे. फुलस्केप कागदावर ठसठशीत मोठ्या अक्षरात. कुठे थांबायचं तिथे लाल रेघ, कुठे हात वर करायचा तिथे दोन. मी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पेपरात अण्णांच्या नावाने छापून यायचं. माझी भाषा चांगली आहे हे मला फार लवकर कळलं, तिथेच सगळा घोटाळा झाला.

एका फेब्रुवारीत पक्षाने कॉलेज रोडवरच्या शुभेच्छापत्रांच्या दुकानांवर मोर्चा काढला. प्रेमाचा दिवस वगैरे आपल्याकडे नको म्हणून. निवेदन अर्थातच माझं. त्याच आठवड्यात आमच्या मळ्यातले गुलाब पेट्या भरभरून मुंबईला चालले होते, कारण त्या दिवसाच्या तोंडावर गुलाबाला जो उठाव असतो तो वर्षभरात कधी नसतो. माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पेट्या बांधता बांधता तो म्हणाला, "अण्णा, हे सगळे गुलाब मुंबईत देवाला वाहतात का?" अण्णांनी त्याच्या दिशेने चप्पल उगारली आणि मग स्वतःच हसत सुटले. ते तसे वाईट नव्हते. मोर्चा मोर्चाच्या जागी आणि मळा मळ्याच्या जागी, असं त्यांचं चालायचं.

पुढच्या निवडणुकीला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. अण्णा तडक घरी आले. आई ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. "या टायमाला तू उभी राहायचं," अण्णा म्हणाले. आईने विचारलं, "मला काय कळतंय त्यातलं?" अण्णा म्हणाले, "तुला कुठं काय करायचंय? सही करायची." आईचं माहेर सायखेड्याचं, शाळा चौथीपर्यंत झालेली. मोठी अक्षरं ती सावकाश वाचायची. ती उभी राहिली, निवडून आली आणि खरोखरच सही करायला लागली. वॉर्डातली कामं अण्णा बघायचे, कागद मी लिहायचे, आणि कार्यकर्ते 'वहिनींची सही घेऊन या रे' म्हणून कोणालातरी स्वयंपाकघरात पिटाळायचे. आई कणकेचे हात पुसायची आणि सही करायची. तिला एका सहीला निवांत अर्धं मिनिट लागायचं. कागदात काय आहे हे तिने कधी विचारलं नाही आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. असं दहा वर्षं चाललं, कारण त्याच्या पुढच्या खेपेला वॉर्ड खुला झाला तरी तोवर लोकांच्या तोंडी आईचंच नाव बसलं होतं.

तोपर्यंत माझं लग्न झालं होतं. मी इंदिरानगरला राहायचे, शाळेत मराठी शिकवायचे, आणि लिहायचे कागद स्कूटरवरून माझ्याकडे यायचे.

भाऊ बारावीला असताना शहरात बाहेरच्या मंडळींचं एक नाटक लागणार होतं. त्यात दोन पुरुषांचं एकमेकांवर प्रेम असतं, एवढं ऐकूनच पक्षाने विरोध जाहीर केला. नाटक कोणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. निवेदन लिहायला मला अर्धा तास लागला. 'ही विकृती गोदाकाठच्या पवित्र भूमीत खपवून घेतली जाणार नाही', असं एक वाक्य त्यात होतं आणि ते मला फार झकास जमलंय असं वाटत होतं. भाऊ ते अशोकस्तंभाजवळ टाइप करून आणायला निघाला होता. दारात थांबून त्याने वाचलं आणि म्हणाला, "ताई, विकृती नको ना. दुसरं काहीतरी घाल."

"का? काय वाईट आहे त्यात?"

"नाही, असंच."

मग मी त्याला वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं, की निवेदनातला शब्द टोचला पाहिजे, नाहीतर पेपरवाले छापत नाहीत. तो सायकलवर बसून गेला, टाइप करून घेतलं, दहा झेरॉक्स काढल्या आणि एकेक प्रत स्वतः पेपरांच्या ऑफिसात देऊन आला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य चौकटीत छापून आलं. अण्णांनी कात्रण कापून मला आणून दिलं आणि मी ते फाइलला लावलं.

भाऊ पुढे मुंबईला शिकला आणि तिथेच नोकरीला लागला. नवं शतक उजाडून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीला तो आला होता. दुपारी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं गुलाबाच्या वीस-वीसच्या जुड्या कागदात गुंडाळत बसलो होतो. मी त्याला माझ्या एका विद्यार्थिनीच्या बहिणीचं स्थळ सांगत होते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मला मुली आवडत नाहीत. पुरुष आवडतात. लहानपणापासून. आता मी कोणापासून लपवत नाही, म्हणून तुलाही सांगतो." मराठीची शिक्षिका ना मी, मी विचारलं, "याला काय म्हणतात?" तो म्हणाला, "इंग्रजीत गे म्हणतात. मराठीत मला एकच शब्द माहीत होता, तो तू लिहिला होतास." त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्या बोटात काटा गेला होता, ते बोट मी तोंडात घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मला भयंकर लाज वाटली. सॉरी म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याने आईला आणि अण्णांना सांगितलं. अण्णा उठून बाहेर गेले आणि मोटर चालू नसताना विहिरीवर जाऊन बसले. आईने त्याला विचारलं, "एकटाच राहतो का तिकडं?" तो म्हणाला, नाही, एक जण आहे सोबत. आईने त्या एकाचं घरदार विचारलं, मग विचारलं, "त्याच्या आईला ठावं हाय?" भाऊ म्हणाला, "आहे. ती तीन वर्षं झाली त्याच्याशी बोलत नाही." आई म्हणाली, "अरे देवा." तो निघाला तेव्हा तिने त्याला दोन डबे फराळ दिला. अण्णांनी मात्र बजावलं, घरातली गोष्ट घरात राहिली पाहिजे. भाऊ म्हणाला, "मी जाऊन कोणाला सांगणार नाही, पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही." अण्णांना ते पटलं असं वाटलं. आपल्याला कोण विचारायला बसलंय, असा त्यांचा हिशेब असावा.

दोनेक वर्षांनी मुंबईत अशा लोकांचा एक मोर्चा निघाला आणि एका मोठ्या पेपरात फोटो आला. फोटोत पुढच्या रांगेत माझा भाऊ, हातात फलक. आमच्या घराण्यात मोर्चा काही नवा नव्हता, पण यावेळी अण्णांनी पेपर उलटा घालून ठेवला. तीन दिवसांनी नाशिकच्या एका सांजदैनिकाने तोच फोटो छापला आणि वर मथळा दिला, 'संस्कृतिरक्षक नगरसेविकेचे चिरंजीव तसल्या मोर्चात!' त्या 'तसल्या' शब्दाची मला इतकी चीड आली की मी तो पेपर चुलीत घातला. मग आठवलं, असले शब्द शोधून काढण्यात आपलं आयुष्य गेलंय.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते आम्हालाच माहीत. केबलच्या बातम्यांची पोरं माइक घेऊन फाटकाशी उभी राहायची. मेथी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मेथी सोडून आमच्या खिडक्यांकडे बघायचं. विरोधकांनी सही नसलेलं पत्रक वाटलं. माझ्या स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायचं, आणि माझ्या नणंदेला बघायला येणारी मंडळी आधी माझ्या माहेरची चौकशी करायची. संक्रांतीला आईचं हळदीकुंकू असायचं, नगरसेविकेचं म्हणून सगळ्या वॉर्डाला बोलावणं. आम्हाला वाटलं यंदा कोणी फिरकणार नाही. झालं उलटंच. दरवर्षीच्या दुप्पट बायका आल्या आणि वाण कमी पडलं. हळदीकुंकू लावून घेताना त्यांचे डोळे भिंतीवरच्या भावाच्या फोटोवर. एकीने धीर करून विचारलं, "धाकटा काय करतो हल्ली?" आई तिला कुंकू लावत म्हणाली, "मोर्चे काढतो. बापावर गेला."

महासभेत मात्र वाईट झालं. आमच्या भागात घंटागाडी चार-चार दिवस येत नव्हती, त्यावर मी आईला प्रश्न लिहून दिला होता. आई वाचायला उभी राहिली. पहिलं वाक्य संपतंय तोवर समोरचा एक सदस्य ओरडला, "वहिनी, आधी घरातला कचरा काढा!" सभागृह हसलं. आमच्या पक्षाचेही हसले. मी वर प्रेक्षकांत बसले होते. आई थांबली, तिने कागदावर बोट ठेवून पुढची ओळ शोधली आणि हसणं संपायच्या आत वाचायला लागली. शेवटपर्यंत वाचलं. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "गाडी येईल का आता रोज?"

पुढची निवडणूक जवळ आली. वॉर्ड पुन्हा महिलांसाठी राखीव निघाला, म्हणजे उमेदवार आईच. पण पक्षात सगळे ज्यांना साहेब म्हणायचे त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णांनी नंतर मला सगळं शब्दाशब्दाने सांगितलं. साहेब म्हणाले, "आम्हाला काही नाही हो, पण लोक विचारतात. पेपरात एक जाहीर नोटीस द्या, मुलाशी संबंध नाही म्हणून. तिकीट तुमचंच." अशा नोटिसा आपल्याकडे रोज पेपरात असतात. पोरगा ऐकत नाही, सून नांदत नाही, की आईबाप वकिलाकडून चार ओळी छापून मोकळे. वकिलाकडे मसुदा तयारच असतो.

तो मसुदा घेऊन अण्णा माझ्याकडे आले. रविवार होता. चहा पिता पिता त्यांनी तो टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "जरा नीट करून दे. वकिलाची भाषा लय रुक्ष हाय."

मी विचारलं, "अण्णा, तुम्ही खरंच हे देणार?"

"कागदच हाय गं. निवडणूक झाली की कोण विचारतो? भाऊबिजेला येईलच तो. आपण काय घराला कुलूप घालतोय?"

त्यांचे डोळे तांबडे झाले होते. ते दोन रात्री झोपले नव्हते, हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं. वीस वर्षं त्यांनी पक्षाच्या सतरंज्या उचलल्या होत्या आणि आता तिकीट गेलं असतं तर परत मिळणार नव्हतं, हेही मला कळत होतं. तरीही मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्यांनी माझा हात धरून काही लिहून घेतलं नाही. माझ्या मनात नणंदेचं लग्न होतं, स्टाफरूम होती, आणि खोटं कशाला बोलू, पुढ्यात एक वाईट लिहिलेला कागद होता. वाईट लिहिलेला कागद बघितला की माझा हात शिवशिवतो. मला वीस मिनिटं लागली.

'तमाम जनतेस कळविण्यात येते की, माझा मुलगा प्रौढ असून गेली काही वर्षे माझ्या सांगण्याबाहेर आहे. त्याचे विचार, वर्तन व राहणी यांच्याशी माझा व माझ्या कुटुंबाचा काहीएक संबंध राहिलेला नाही. यापुढे त्यास माझा मुलगा म्हणून कोणीही ओळखू नये.'

शेवटचं वाक्य वकिलांच्या मसुद्यात नव्हतं. मसुदा मिळमिळीत संपत होता म्हणून मी ते घातलं.

उमेदवार आई, म्हणून नोटीस आईच्या नावाने होती. तिला आधी सांगावं असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. साहेबांच्या नाही, वकिलांच्या नाही, अण्णांच्या नाही आणि माझ्याही नाही. तिची सही म्हणजे ठरलेलीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यातल्या ओट्यावर वकील, पक्षाचे दोन पदाधिकारी, अण्णा आणि मी असे बसलो होतो. टाइप केलेली नोटीस वहीवर ठेवून अण्णांनी आईला हाक मारली. ती मेथी निवडत होती. पदराला हात पुसत आली, पेन घेतलं, टोपण काढलं.

"कुठं करायची?"

"इथं खाली," अण्णा म्हणाले. "फॉर्मसोबत लावायचं हाय."

आई वाकली आणि तिने सहज माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं मला माहीत नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"अक्षर बारीक हाय. वाच."

दहा वर्षांत तिने पहिल्यांदा कागद वाचायला सांगितला होता. वकील म्हणाले, "अहो वहिनी, काही विशेष नाही, नेहमीचा मजकूर." आई त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "वाच ना." मी वाचलं. माझा आवाज वर्गात कविता वाचताना असतो तसा स्वच्छ येत होता. मला तो थांबवता येईना. शेवटच्या वाक्याला मात्र मी अडखळले आणि ते मला दोनदा वाचावं लागलं.

आईने विचारलं, "कोणी लिहिलं?"

वकील म्हणाले, "असा फॉरमॅटच असतो."

"तुम्हाला नाय विचारलं."

मी म्हणाले, "मी लिहिलं, आई."

तिने मान हलवली. माझं कुठलंही भाषण ऐकून झालं की ती जे म्हणायची तेच म्हणाली, "छान लिहिलंय." टोमणा नव्हता त्यात. तिला खरोखरच वाटलं असावं की चांगलं लिहिलंय, आणि चांगलं लिहिलं तर चांगलं म्हणायचं ही तिची रीत. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मग ती अण्णांकडे वळली. "दहा वर्षं तुम्ही म्हणाल तिथं केली. गटारीला केली, दिव्याला केली, कोणाकोणाच्या दाखल्याला केली. याला नाय करायची."

"अगं, तिकीट जाईल."

"तिकीट तुमचं हाय. सही माझी हाय."

पदाधिकाऱ्यांपैकी एक जण गोड आवाजात समजावायला लागला, की वहिनी, हे फक्त कागदावर. आई म्हणाली, "मग कागदावर तुमच्या पोराचं नाव घाला. फक्त कागदावर." एवढं बोलून ती आत गेली. मेथी निवडायची राहिली होती. वकिलांनी नोटीस बॅगेत ठेवली, पेनही ठेवलं.

तिकीट दुसऱ्या कार्यकर्त्याच्या बायकोला मिळालं आणि ती निवडून आली. अण्णांकडे येणारी स्कूटरींची रांग आठवड्यात आटली. महिनाभर ते आईशी बोलले नाहीत. हवं-नको ते मला फोन करून सांगायचे आणि मी आईला सांगायचे. आई म्हणायची, "त्यांना म्हणावं, चहा झालाय."

केबलवाल्यांपैकी कोणीतरी भावाला नोटिशीबद्दल कळवलं. त्याने घरी फोन केला तेव्हा मी तिथेच होते. फोन अण्णांनी उचलला. पलीकडून तो किती मोठ्याने बोलतोय ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, मी देणार होतो. पण लिहायला कोणी पायजे ना. तुझ्या बहिणीने पेनाला हात लावला नाय." आणि त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. भाऊ रडत होता. "ताई, मला माहीत होतं," तो म्हणाला. मी 'हं' म्हणाले. मग त्याला विचारलं, रजा कधी आहे.

फोन ठेवल्यावर मी अण्णांवर चिडले. असं का सांगितलं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "माझ्यावर चिडला तर चिडू दे. तुझ्यावरबी चिडला तर येईल कोणाकडं?" आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तीही काही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

भाऊ त्या दिवाळीला आला, पुढच्या वर्षी त्या सोबत्यालाही घेऊन आला. अण्णांनी दोघांना मळा दाखवला आणि गुलाबावर पडणाऱ्या भुरी रोगाबद्दल तासभर बोलले. भाऊबिजेला भावाने मला साडी आणली. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, सणाच्या दिवशी कशाला. पुढे प्रत्येक वेळी काही ना काही असायचंच. हे लिहितेय तोवर मी त्याला सांगितलेलं नाही.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका लहानशा हॉलमध्ये त्याचं बोलणं ठेवलं होतं. त्याच्यासारख्या मुलांचे आईबाप, थोडे विद्यार्थी, एक-दोन डॉक्टर, अशी तीस-चाळीस माणसं. आई पहिल्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी. अण्णा आत आले नाहीत, पण आम्हाला सोडून बाहेर स्कूटरपाशी थांबून राहिले. भाऊ छान बोलला, कागद न घेता. मोर्चाचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, महासभेतलं हसणं सांगितलं. आईने सही केली नाही ते त्याने सांगितलं तेव्हा लोकांनी आईकडे बघून टाळ्या वाजवल्या. आईने नुसती मान खाली घातली.

मग तो म्हणाला, "पण त्याच्याही आधी एका माणसाने ते लिहायलाच नकार दिला होता. आमच्या घरात सगळं तीच लिहायची. ती नाही म्हणाली म्हणून मी आज इथे येऊ शकलो." त्याने माझ्याकडे हात केला. त्याचे डोळे भरले होते. सगळा हॉल माझ्याकडे वळला आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. मी आईकडे बघितलं. ती समोर बघत होती आणि सगळ्यांच्या बरोबरीने टाळ्या वाजवत होती. पुढाऱ्याच्या घरात वाढलेली मी, माझे पाय आपोआप उचलले गेले. मी उभी राहिले, लोकांकडे वळले आणि हात जोडले. टाळ्या थांबेनात तशी मीही उभीच राहिले. तेव्हा आईने माझा पदर धरून ओढला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खाली बस."